खंड क्षमापित

विटा नगरपरिषदेतली सव्वीस वर्षं धरली.
त्याआधीची सहा, विधानभवनातली, लघुलेखक म्हणून,
धरायची की नाही
यावर फाईल सांगलीला तीनदा जाऊन आली.

कुणी बाक वाजवले, कुणी सभात्याग केला,
सगळं माझ्या पेन्सिलीनं घेतलंय.
माझा आवाज कुठल्याच पानावर नाही.

डुबलबाई चष्मा वर सरकवतात,
"काका, मध्ये अकरा दिवसांचा खंड दिसतोय.
कारण लिहा."

भाळवणीला, येरळेच्या वाळूत,
अर्धांगातून उठलेल्या वडिलांना
चालायला शिकवत होतो.
अकराव्या दिवशी त्यांनी माझा हात सोडला
आणि पलीकडच्या बाभळीपर्यंत गेले,
एकटे.

लिहिलं : घरगुती.

शिक्का बसला : खंड क्षमापित.
सहा वर्षं धरली.
ते अकरा दिवस
वजा.