शिंक

आमच्या मंडळाचं नाव आधी नुसतं ‘रहस्यरंग’ होतं.
‘विनोदी’ हा शब्द नंतर ब्रशने
पाटीच्या कडेला कोंबला,
जागा नव्हती म्हणून तिरपा.

त्याला कारण वामन चिंचमलातपुरे.
पोस्टरवर आडनाव मावत नसे,
म्हणून देवपुजारी सरांनी त्याला प्रेताचं काम दिलं.
प्रेताला नाव लागत नाही, म्हणाले.

एकाहत्तरचं गॅदरिंग. पहिला अंक, पहिलं मिनिट.
इतवारीतून मागून आणलेली सतरंजी,
तिच्यावर वामन पालथा, पाठीत सुरा.
इन्स्पेक्टर झालेला खोब्रागडे गुडघ्यावर बसून
नाडी बघतो आणि सांगतो,
‘‘याला जाऊन सहा तास झाले.’’
तेवढ्यात वामन शिंकला.
एकदा नाही. सात वेळा.
मागून कोणीतरी ओरडलं,
‘‘काऊन बे, मेलेला माणूस शिंकते का?’’
खोब्रागडे वळला नाही. नाडी पुन्हा धरली.
‘‘सर्दीनेच गेला बिचारा.’’

मी विंगेत होतो, हातात संहिता.
ही ओळ तिच्यात नव्हती.
पेन्सिलीने लिहून घेतली.

मग दरवर्षी खून, दरवर्षी वामन.
मरायला मोकळा राहावा म्हणून
तो बी.एस्सी.ला नापास होतो, असं त्याची आई म्हणे.
विष, दोरी, पानठेल्यावरची कात्री,
एकदा तर डोक्यात संत्र्यांची पेटी पडून.
खुनी कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं,
ज्याला निघाली त्यालाच ठाऊक.
एका वर्षी सरांनी सुपारीच्या नादात चिठ्ठ्या मोजल्या नाहीत
आणि तिघांनी गुन्हा कबूल केला,
एकमेकांशी भांडून.

शहात्तरला दमयंती मेश्राम आली.
तोवर नायिका बोकडे करायचा, मिशीसकट.
तिने माझ्याकडून वही मागितली, पहिल्या पानापासून.
कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्यांची बशी बाजूला सारून
हिशोबावर बोट ठेवलं :
सतरंजी, भाडे नाही, सौजन्य देवपुजारी.
दुपारी सायकल काढून इतवारीत गेली.
सतरंजी भिवापुरी मिरचीच्या पोत्यांखालची.
गोदाम सरांच्या साडूचं.

सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत,
सुपारी कातरत राहिले.

आता पाटी कुठे गेली कोणाला माहीत नाही.
हॉलमध्ये ऑनलाइन परीक्षा होतात,
विंगेच्या जागी मुलांच्या बॅगा.

गेल्या मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
आम्ही अंबाझरी घाटावर जमलो.
खोब्रागडे काठी टेकत. बोकडे, मिशी पांढरी.
दमयंती गोंदियाहून सकाळच्या गाडीने.
सगळे जुने खुनी खांदा द्यायला.
प्रत्येकाने त्याला निदान एकदा मारलेलं.
पत्रिकेत आडनाव पूर्ण छापलं होतं, दोन ओळींत.

वामन पडलेला, या खेपेला उताणा,
उजवा पंजा जरासा उघडा, नेहमीसारखा.
मुलाने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं.
कोणी हललं नाही.
सगळे कशासाठी थांबलेत ते मला कळत होतं.
मी खोब्रागडेच्या मागे उभा होतो,
अर्धा दिसेन, अर्धा नाही असा,
आणि तोंडासमोर हात धरून
हळूच दिला त्याला इशारा.

मुलगा वळला. ‘‘काका, काही म्हणालात?’’
‘‘काही नाही बा,’’ खोब्रागडे म्हणाला,
‘‘ऊन लय आहे.’’

पेन्सिल घरीच राहिली होती.