बनवावे की विकत घ्यावे

तांडेल मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
एक कंपनी पितळी बुश स्वतः बनवते, खर्च बावन्न रुपये.
बाहेर तोच अडतीसला मिळतो.
काय करावे? कारणे द्या. गुण आठ.

मी लिहिलं, विकत घ्यावे.
स्थिर खर्च वेगळा काढला, बदलता वेगळा,
उत्तराखाली दोन रेघा मारल्या.
आठपैकी आठ.

घरी येताना वागळे इस्टेटच्या त्या कोपऱ्यावर,
जिथे पूर्वी भोंगा व्हायचा
आणि आता काचेची इमारत, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं,
एकदम आठवलं, अडतीस हा आकडा मी ऐकलाय.
जेवताना. बाबांच्या तोंडून. फोनवर.
"कुलथे साहेब, अडतीसच्या खाली नाही हो परवडत."

बाहेर म्हणजे
किसन नगरच्या मागचा आमचा दहा बाय अठराचा गाळा.
खातं बंद झालं तेव्हा हिशेबाच्या पैशांऐवजी
बाबांनी आपलं लेथ मागून घेतलं,
बावीस वर्षं चालवलेलं.
टेम्पोत मागे बसून आले म्हणे, त्याला धरून.
(बुडीत खर्च निर्णयात धरू नये.
पान एकशे त्रेचाळीस.)

रविवारी वही घेऊन गाळ्यात गेले.
ओव्हरहेड किती, विचारलं.
बाबांनी वर बघितलं.
"ओव्हरहेड क्रेन कंपनीत होती, पाच टनी. इथे पंखा आहे."
सोहेल हसला. मीही.
मग भाडं, वीज, टूलबिट, सोहेलचा पगार,
कूलंटचा डबा, मशीनची झीज,
आणि एक ओळ त्यांनी कधीच न लिहिलेली,
मालकाची स्वतःची मजुरी.
एका बुशला एकोणपन्नास.

त्यांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बुशचं भोक तपासावं तशी माझी बेरीज तपासली.
"बुरा कुठाय?"
"कसला बुरा?"
"पितळेचा. भंगारवाला किलोवर नेतो, नगामागे तीन रुपये सुटतात.
तुमच्या पुस्तकात झाडू मारत नाहीत वाटतं."

शेहेचाळीस, मग.
देतात अडतीसला. महिन्याला दोन हजार नग.
गुणाकार मी मोठ्याने केला नाही.
त्यांनी केला.
"सोळा हजार. म्हणजे तीन वर्षं मी…"
लेथ रिकामंच फिरत होतं, कुणी बंद केलं नाही.
"घर तर चाललं ना?"
चाललं. आईच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या पगारावर.
हे मी बोलले नाही,
ते आधीच त्या एका ओळीकडे बघत होते.

उद्या ऐरोलीला मुलाखत. कॉस्ट ट्रेनी.
निळी फाइल, मार्कशीटच्या तीन-तीन झेरॉक्स,
आईने इस्त्री करून दाराला टांगलेला कुडता.
विचारतीलच, बनवावे की विकत घ्यावे,
ठरवताना काय काय बघाल?
किंमत, दर्जा, वेळेवर पुरवठा.
तोंडपाठ आहे. चौथा मुद्दा जिभेवर येतो
आणि त्याला मराठीतही शब्द सापडत नाही,
इंग्रजीचं तर सोडाच.

गॅलरीतून बाबांचा आवाज :
"साहेब, नवीन दर पाठवतोय. हो, पितळ वाढलंय…"
मी दारात उभी राहून बोटांनी दाखवते,
आधी चार, मग सहा.
ते पाठ फिरवतात.
"एक्केचाळीस."

फोन ठेवून म्हणतात, "एकदम मागितलं तर तोडतील गं.
त्यांच्याकडेही असेल की कुणीतरी तुझ्यासारखं,
वही घेऊन बसलेलं."

उरलेले पाच मी पेन्सिलीने लिहिते,
रकाना न आखता.
पानं उडू नयेत म्हणून वर एक रिजेक्ट बुश,
अर्ध्या सुताने चुकलेला.
पंखा चालू आहे.