मिसळू नये

डेटन, टेनेसी. मार्च लागला,
गॅरेजची फरशी अजून जानेवारीतच.
तिच्यावर जुनी चादर अंथरून शाल्मलीने
सगळा संसार ओतलाय:
हुक, शिशाची वजनं, रबरी किडे,
खोटे मासे खऱ्याहून रंगीत,
अर्धवट खाल्लेलं चॉकलेट,
आणि कुणाचा तरी एकच मोजा.

उद्या शाळेच्या संघाची स्पर्धा. चिकमॉगा तलाव, पहाटे पाचला.
होडीत तिच्या वाट्याला चार रॉडची जागा.
भिंतीला टेकून सहा उभे,
दाखवायला आणलेल्या स्थळांसारखे ताठ.
ती एकेकाचं टोक माझ्या तळहातावर टेकवून वाकवते.
"हा मऊ. मासा तोंड मारतो तेव्हा
रॉडने जरा उशीर करायला हवा,
नाहीतर त्याच्या तोंडातून आपणच काढून घेतो."
"हा कडक. गवतातून ओढायला."
उशीर करणारी काठी.
मला अशी एक हवी होती, बऱ्याचदा, बोलण्याआधी.

पाचवा तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेला,
हॉलिस यांच्या दुकानात उन्हाळाभर
बादलीतून मिनो मोजून देत.
तो ती परत भिंतीला लावते.
"चांगला आहे गं. उद्याच्या पाण्याचा नाही."

मी फार्मसिस्ट. मला मोजता येतं
पाचा-पाचाने, पट्टीने सरकवत.
म्हणून हुक माझ्याकडे.
आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरतेय,
सोमवारात तीन-शून्य, मंगळवारात चार-शून्य,
शनिवारात फक्त उद्याचे.
औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या
वर्षभर साठवल्यात. प्रत्येक कप्प्यात एक.
ओल गंज आणते
हे मला देवगडातच कळलं होतं,
कुठल्याही पुस्तकाच्या आधी.

रबरी किडे रंगाने लावायला घेतले तर ती ओरडली.
"आई, नको! हे वेगळ्या रबराचे.
एकत्र ठेवले की वितळतात."
आणि गेल्या उन्हाळ्यातली पिशवी दाखवली.
एक हिरवा, एक जांभळा,
दोघांचं मिळून काहीतरी चिकट,
ना शेपूट ना डोकं.
दिवसभर मी लोकांना हेच सांगते:
ही गोळी त्या गोळीबरोबर नको,
ग्रेपफ्रूटचा रस तर नकोच.
पिशवी हातात धरून मी बराच वेळ बघत राहिले.

जनूदादाचा फोन. तिकडे सकाळ, मागे ट्रॉलरची घरघर.
"काय गावला पोरीक गेल्या खेपेक?"
चार पौंडाचा, मी सांगते. वजन केलं, टाळ्या पडल्या,
परत सोडला.
घरघर ऐकू येते नुसती.
मग, "सोडल्यान? मगे गेला कित्याक?"
शाल्मलीला मालवणी कळतं, बोलता येत नाही.
ती हसते. शिशाचं एक वजन
या हातातून त्या हातात करत राहते.

अकराला झाकणं लागली.
एक मासा उरला. रंग खरवडलेला,
हुक काढलेले, एक डोळा गेलेला. तिचा पहिला.
हलवला की पोटात छर्रे वाजतात.
गढूळ पाण्यात माशाला म्हणे
दिसण्याआधी हेच ऐकू येतं.
कुठल्या कप्प्यात?
"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "आणि टाकायचाही नाही."

आता शनिवारचे दहा वाजलेत.
काउंटरमागे मी मोजतेय, पाच, दहा, पंधरा.
वाकले की कोटाच्या खिशात खुळखुळ होते.
रांगेतले मिस्टर टिबेट्स चष्म्यावरून बघतात.
"पेनं," मी सांगते.
वीस. पंचवीस.