अण्णांचा कापडी नरक

माळ्यावर अजून आहे तो, गुंडाळलेला,
मांजरपाटाचा सहा हाती पडदा.
अण्णांनी स्वतः रंगवलेला,
उजवीकडे स्वर्ग, डावीकडे नरक.
स्वर्ग त्यांना जमला नव्हता:
एक कारंजं, चार पांढरे झगे, कसाबसा सिंह.
नरक मात्र जिवंत.

वडगावच्या बाजारात, कागलच्या उरुसात
सायकलीला बांबू बांधून ते पडदा टांगत
आणि वेताच्या छडीनं दाखवत
सावकार, दारुडा, खोटं माप घालणारा.
एका चेहऱ्यावरून छडी पटकन सरके.
नाक आमच्या घरचं होतं.
येशुदास काका. एका रविवारी उपासनेतून
चप्पल शोधत उठून गेलेला,
मग परत कधीच न आलेला,
आणि आंबेवाडीत एकटाच मेलेला.

मी उद्यमनगरात लागलो, फौंड्रीत.
आमची सुट्टी सोमवारी, देवाची रविवारी.
अण्णांच्या हिशेबात मीही
बोटबोटभर डावीकडे सरकत होतो.

एकदा म्हटलं, चला, आग बघा तरी.
आले. कोट घालून, बगलेत पुस्तक.
भट्टीचं तोंड फोडलं, बिडाचा रस आला,
लाल नव्हे, पिवळाही नव्हे,
डोळ्यांना सोसवेना असा पांढरा.
अण्णा दोन पावलं मागं.
"हिला आवाज नाही," एवढंच बोलले.
त्यांच्या आगीत सगळे ओरडत असत.
इथं मेहबूब मोल्डर चहा गाळत होता
आणि लेडलवाली पोरं
कुणाच्या तरी सुपारीचं बोलत होती.

मग कोपऱ्यातला ढीग त्यांनी पाहिला:
तडकलेली पंपाची बॉडी, भोकाळलेलं फ्लायव्हील,
शिवणयंत्राचा एक पाय.
"हे कुठं टाकता?"
मेहबूब हसला. "टाकतोय कशाला, अण्णा?
उद्या परत भट्टीत."
"कितीदा?"
"आता त्याला काय मोजदाद हाय व्हय?"
पेत्रानं हाच प्रश्न विचारला होता,
भावाला क्षमा करण्याबद्दल.
मेहबूबला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

परत निघालो सायकल हातात धरून.
पार्वती टॉकीजपर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "तो शुक्रवारी मेला, रविवारी उठला.
मधल्या शनिवारी खाली उतरला होता
असं आपण दर आठवड्याला उभं राहून म्हणतो.
म्हणतो फक्त."
थोडं चालून, "तुमची फौंड्री शनिवारी चालू असते?"
"असती की."
"हं," म्हणाले.

त्या शनिवारचं त्यांनी पाळकबुवांनाही विचारलं.
पाळकबुवा म्हणाले, या वयात पडतात असले प्रश्न,
रात्री जेवण हलकं घेत जा.

पडदा पुन्हा बाजारात गेला नाही.
अण्णांना पुरलं तेव्हा मेहबूब आला होता.
सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली त्यानं,
नंतर कबर भरल्यावर वाकून
तळहातानं कडा दाबल्या,
साच्याच्या दाबतात तशा,
आणि पँटला हात पुसत निघून गेला.

गेल्या मे महिन्यात माळा झाडताना
पडदा उलगडला.
लाल रंग आधी उडतो.
ज्वाळा सगळ्या राखाडी झालेल्या,
आणि सावकार, दारुडा, खोटं माप घालणारा
पंचगंगेवरच्या धुक्यात
पहिल्या एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे.
काकाच्या जागी अंगठ्याएवढं
खरवडलेलं कापड. पात्याचे ओरखडे.
कधी केलं, कुणाला बोलले नाहीत.

मी उजवीकडे शोधलं.
झग्यांमध्ये, सिंहाच्या मागं.
खालून सलोमीनं हाक मारली,
ठेवायचंय का टाकायचंय ते?
मी अजून कारंज्यापाशीच होतो.