मलका

साहेब, मी होडीवाला.
मला माणसं चेहऱ्यानं कमी, वजनानं जास्त कळतात.
केळीचा घड घेऊन बाई कुठं बसली की खोड कुठं कलतं,
कुणाच्या मांडीवर वासरू असलं
की पाणी कडेला किती बोटं चढतं,
ते विचारा.

या काठाला आम्ही पोकोमो, आमचं भात, आमचे आंबे.
त्या काठाला ओर्मा आणि त्यांची गुरं.
मध्ये ही ताना, गढूळ, मगरींची.
गुरांनी नदीवर उतरायच्या वाटेला मलका म्हणतात.
माझ्या बापाच्या काळात शंभर शिंगं
एकमेकांना न लागता पाण्याला यायची.
मग कुणी एक वाफा पुढं सरकवला.
मग कुणी आणखी एक.
माझ्या भावानंही. खोटं कशाला बोलू.
शेवटी एक गाय जाईल एवढी वाट उरली,
आणि तहानलेल्या गायी काही एकेक येत नाहीत.

गालगालोच्या गुरांनी हदुलूचं भात एका रात्रीत खाल्लं.
हदुलूनं तीन गायींच्या घोडशिरा तोडल्या.
गायी मेल्या नाहीत.
बसून राहिल्या. सड भरत राहिले,
वासरं येऊन पीत राहिली.
पुढचं तुमच्या कागदात आहेच,
घरं किती, पोरं किती.

त्या रात्री होडीत कोण होतं?
लिहा, अंधार होता.

होताच.

साहेब गेले. आता नदीला सांगतो.
सात जण होते. आठवं वजन माणसाचं नव्हतं,
गोणपाटात बांधलेलं, हलवलं की खणखणणारं.
मी विचारलं नाही. भाडं घेतलं,
नेहमीचंच, वर एक शिलिंग नाही.
पहाटे तेच सात परतले.
कुणी बोललं नाही. एकजण सारखे हात धूत होता,
मगरींची भीती न बाळगता.
उतरताना त्यांचं काहीतरी होडीत राहिलं:
दोरानं विणलेला दुधाचा बुधला,
आतून धुरी दिलेला, अर्धा भरलेला.

हबोनाचा.
दर गुरुवारी बाजाराला यायची,
दूध द्यायची, मका न्यायची,
डाव्या कडेला बसायची, कितीही सांगा.
होडी तिकडं झुके, मी शिव्या देई, ती हसे.

बुधला मी अजून धुतलेला नाही.
आता या काठाहून त्या काठाला कुणी जात नाही.
रिकामी होडी फक्त वाहून जाऊ नये म्हणून चालवतो,
आणि वल्हं मारताना
उजवीकडं सरकून बसतो.