आवक-जावक

संस्थेत माझं काम आवक-जावकचं.
अणूतलं मला फारसं कळत नाही.
येणाऱ्या पाकिटावर शिक्का, जाणाऱ्यावर तिकीट,
आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहायचं :
आत काय, वजन किती, किंमत किती.

तळघरातून एतेल्का येते.
हातात डबी, डबीत कडं,
कड्यावर ताणून बसवलेला कॅडमियमचा पापुद्रा.
तिरपा धरला तरच दिसतो.
“वजन?”
“आठशे मायक्रोग्रॅम.”
फॉर्मला ग्रॅमच्या खाली उतरता येत नाही.
मग आम्ही डबीचं वजन लिहितो, स्पंजचं लिहितो,
वर गुंडाळलेल्या कालच्या पेपरचंही.
“किंमत?”
ती खिडकीबाहेर बघते.
एक नंबरची ट्राम झाडीकडे वळत असते.
“लिही, मागितलं होतं, दिलं.”

एकदाच मी तिला काम करताना पाहिलं.
काचेच्या घंटेखाली हवा नाही.
नखाएवढ्या धातूच्या होडीत चिमूटभर पूड,
सोन्याहून महाग, कुठून कुठून आलेली.
होडी लाल होते, मग पांढरी,
आणि पुडीची वाफ साबण लावलेल्या काचेवर जाऊन बसते.
मग ती काच पाण्यात सोडायची, तिरकी, सावकाश.
सायीसारखा पापुद्रा सुटून वर तरंगतो
आणि कड्याने तो खालून उचलायचा.
तेवढा वेळ एतेल्का श्वास घेत नाही.
मीही घेतला नाही.
शिकाऊ पोराला शिंक आली
तर तो जिना चढून अंगणात जाऊन शिंकला.

एतेल्काने समुद्र पाहिलेला नाही.
तिचे पापुद्रे समुद्र ओलांडून जातात
आणि कधी कधी, त्यांच्यातला किरणोत्सार शमल्यावर,
परत येतात, मधोमध काळा ठिपका घेऊन.
केपटाउनहून नोमवूयोची चिठ्ठी :
“तीन दिवस, चार रात्री टिकला. माफ कर.”
ते ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
शोधनिबंधावर एकशे बारा नावं,
मजकूर सुरू होतो दुसऱ्या पानावर.
शेवटी, आभारात, तिचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
“असू दे. जाडी बरोबर लिहिलीय ना?”

त्या फेब्रुवारीत खारकिव्हला पाठवलेली डबी
मार्चअखेर परत आली.
शिक्क्यांवर शिक्के. शेवटचा : पोहोच शक्य नाही.
वहीत काय लिहायचं मला सुचेना.
पाठवणारे आम्ही, घेणारेही आम्ही.
एतेल्काने डबी उघडली, तिरपी धरली.
कुठल्या तरी नाक्यावरच्या गोदामात, थंडीत, महिनाभर,
आणि पापुद्रा शाबूत.
ती खुर्चीत बसली.
“फुटला असता तर बरं वाटलं असतं.”

एप्रिलात लेस्या आली, सीमेवरच्या गाडीने.
एक मुलगी, एक मांजर, मोज्यात हार्ड डिस्क.
गेटवरच्या वहीत ‘संस्था’ ह्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मी म्हटलं, जुनीच लिहा.
तिने लिहिली. पत्ता लिहिला.
खोलीचा नंबरसुद्धा,
जिच्या खिडक्यांचं काय झालं ते तिला ठाऊक होतं.
मग विचारलं, “ती डबी?”

सायक्लोट्रॉनच्या रात्री शरदापर्यंत वाटून झालेल्या.
ओसाकाहून हिरोताकाची दोन ओळींची ईमेल :
माझ्यातल्या सहा तिला द्या.
कारण लिहिलं नव्हतं, आम्ही विचारलं नाही.

त्या संध्याकाळची माझ्या वहीतली नोंद अशी :
जावक, डबी एक. तळघरातून अंगणापलीकडे.
अंतर एकशे चाळीस पावलं.
वजनाचा रकाना कोरा.
तिकीट लागलं नाही.
पुढे लेस्या, मागे एतेल्का, दार धरायला मी,
आणि वारा पडेपर्यंत
तिघंही उंबऱ्यावर थांबलेले.