ऱ्हस्व उकार

एस्तेरनं फोनवर पहिल्यांदा तो शब्द वापरला
तेव्हा मला तो लष्करी वाटला.
देवळालीत एकतीस वर्षं मी हुकूम टाइप केले.
कूच म्हणजे निघणं,
पहाटे साडेचारला, ट्रंकेला कुलूप लावून,
मागे न बघता.

ती म्हणाली, पप्पा, तुमचा दीर्घ. यांचा ऱ्हस्व.
कुच.

वेल्समधल्या तिच्या वृद्धाश्रमात
ब्रिन नावाचे एक म्हातारे आहेत, खाणीतले,
फुप्फुसात अजून कोळसा.
रात्रपाळीला ती दिवा मालवायला गेली
की हात पसरतात: एक कुच दे, पोरी.

मग सांगत बसली, जसं कुणा नातलगाचं गोत:
मूळचा म्हणे फ्रेंच, तिकडे अर्थ आडवं होणं,
इंग्रजीतून डोंगरापलीकडे उतरला
आणि जिन्याखाली राहिला, कोळशाच्या ढिगाशेजारी.
कुत्र्याला सांगतात, जा तुझ्या कुचात.
पाहुण्यांपासून बिस्किटं लपवायची, तीही कुचात.
मग कधीतरी तिथली ऊब
माणसांच्या हातांत आली.
हे नक्की असंच? मी विचारलं.
तिथल्या सिस्टर सांगतात, ती म्हणाली.

मी मराठी शोधायला बसलो.
मिठी, ती सिनेमातली.
आलिंगन, चर्चमध्ये मोठ्यानं वाचायला ठीक.
शेजारच्या शिंगारेबाई मेथी निवडत होत्या,
म्हणाल्या, पोटाशी धरणं म्हणा की!
आणि जिन्याखालची जागा?
तिथे मीटर आहेत, त्या म्हणाल्या.

आमचं शरणपूर.
नावातच आसरा; आम्ही ते
रिक्षावाल्याला सांगण्यापुरतं वापरतो.

आमच्यात कुणी कुणाला धरत नाही.
दहावी पास झाली तेव्हा मी तिला पेन दिलं.
तिची आई गेली तेव्हा
कबरस्तानात तिच्यावर छत्री धरली, तासभर,
हात अवघडला तरी.

सुटी संपली. रात्रीचे सव्वाअकरा,
फाटकाशी टॅक्सी, दोन बॅगा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला चिवडा.
कसाऱ्याच्या घाटात धुकं असेल, ड्रायव्हर म्हणाला.
मी घड्याळ बघितलं आणि सवयीनं विचारलं,
कूच?

दीर्घच म्हणालो होतो. देवाशपथ, दीर्घ.

तिनं बॅग खाली ठेवली.
ड्रायव्हर मोबाइलमध्ये बघू लागला.
माझ्या खिशातलं चष्म्याचं घर
दोघांच्या बरगड्यांत रुतत राहिलं.